ताशी दहा किलोमीटरची रोड ट्रिप

रोड ट्रिप म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं? प्लेलिस्ट, ढाबा, मोबाइलवरचा मॅप आणि दर अर्ध्या तासाने कुणीतरी विचारलेलं 'अजून किती?'. आता ही एक ट्रिप बघा. ८१ गाड्या, जवळपास ३०० माणसं, अंतर सुमारे ५,२३० किलोमीटर आणि लागलेले दिवस ६२. सरासरी वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर! गल्लीतला सायकलवरचा दूधवालाही त्यांना मागे टाकून पुढे गेला असता.

ही ट्रिप काढली होती अमेरिकेच्या लष्कराने, १९१९ साली. आणि त्याहून भारी गोष्ट म्हणजे आजही काही उत्साही मंडळी जुन्या लष्करी गाड्या घेऊन त्याच रस्त्याने निघतात. हौसेने, स्वतःच्या खर्चाने, तेही असं वाहन घेऊन जे कुठल्या चढावर दम टाकेल याचा भरवसा नाही. का जातात? 'जुन्या आठवणींना उजाळा' हे उत्तर आहेच, पण ते अर्धंच आहे. आधी मूळ गोष्ट नीट ऐकू.

पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. घोडे आणि खेचरं यांच्या जोडीला ट्रक आले होते, पण या ट्रकांचं नेमकं काय होऊ शकतं हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. अमेरिकेत लांबचा प्रवास म्हणजे रेल्वे. उद्या शत्रूने रेल्वेचे पूल उडवले तर एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर फौज नेता येईल का? हे तपासायला ७ जुलै १९१९ रोजी वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाउसच्या दक्षिणेकडच्या मैदानातून हा ताफा निघाला. जायचं होतं सॅन फ्रान्सिस्कोला. ट्रक, मोटारसायकली, अॅम्ब्युलन्स, चालतंफिरतं वर्कशॉप, फिरतं स्वयंपाकघर, पाण्याच्या आणि पेट्रोलच्या टाक्या, आणि ट्रेलरवर चढवलेला एक छोटा रणगाडा, असा सगळा लवाजमा. पहिल्या दिवशी सात तासांहून जास्त वेळ गाडी हाकून त्यांनी गाठलं ते फ्रेडरिक हे गाव. अंतर ४६ मैल. म्हणजे साधारण ७४ किलोमीटर.

त्या संध्याकाळी फ्रेडरिकला एक २८ वर्षांचा अधिकारी ताफ्यात सामील झाला. बिचारा वैतागलेला होता. युद्धात जायची त्याला फार इच्छा, पण वरिष्ठांनी त्याला मायदेशातच रणगाड्यांच्या प्रशिक्षणाला जुंपलं आणि तोवर युद्ध संपूनही गेलं. बायको-मुलगा लांब, हाताला खास काम नाही, पुढचं करिअर दिसत नाही. रणगाडा दलातर्फे निरीक्षक म्हणून कुणी ताफ्यासोबत जाणार का, असं विचारल्यावर त्याने हात वर केला. थोडं शिकायला मिळेल आणि थोडी मजा होईल, एवढाच हिशोब. त्याचं नाव ड्वाइट आयझेनहॉवर. पुढे दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीवर उतरलेल्या दोस्त सैन्याचा सरसेनापती आणि त्यानंतर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला.

पण ते पुढे. १९१९च्या उन्हाळ्यात तो नुसता धूळ खात होता.

रस्ता? कसला रस्ता?

ताफ्याचा बहुतेक मार्ग 'लिंकन हायवे' नावाचा होता. न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को. नाव ऐकून चकचकीत काहीतरी डोळ्यांसमोर येतं, पण हा हायवे सरकारने बांधलेलाच नव्हता. मोटारींच्या धंद्यातल्या काही माणसांनी १९१३मध्ये संघटना काढली, नकाशावर एक रेघ मारली, गावोगावी फिरून वर्गणी मागितली आणि लोकांना सांगितलं, हा घ्या तुमचा हायवे! त्यातला पुढारी कार्ल फिशर. इंडियानापोलिसचा प्रसिद्ध रेस ट्रॅक उभारणाऱ्यांपैकीच एक. पूर्वेकडच्या राज्यांत रस्ता बरा होता. इलिनॉय ओलांडलं की पक्का रस्ता जवळपास संपलाच. लष्कराच्या अहवालानुसार एकूण प्रवासातला निम्म्याहून जास्त भाग कच्चा रस्ता, बैलगाडीच्या चाकोऱ्या, डोंगरातल्या पाऊलवाटा, वाळू आणि खारट जमीन असा होता.

गाड्यांचं म्हणाल तर ट्रकांना हवेचे टायर नव्हते, भरीव रबराच्या धावा होत्या. इंजिन सुरू करायला समोर उभं राहून हँडल फिरवायचं. वेग फार तर ताशी १५ मैल, तोही रस्ता असेल तर. आणि ड्रायव्हर? 'गाडी येते' असं सांगून भरती झालेल्या अनेकांचा अनुभव मोटारींपेक्षा घोडागाडीचा जास्त दिसतो, असं आयझेनहॉवरने नंतर आठवणींत मिस्कीलपणे लिहिलं आहे.

मग जे व्हायचं तेच झालं. दोन-तीन दिवसांतच जुन्या छपराच्या लाकडी पुलांवर वर्कशॉपचे उंच ट्रक अडकू लागले. पुढे ट्रकांच्या वजनाने पूल मोडायचे, जवान उतरून तो दुरुस्त करायचे, मग पुढचा ट्रक. असे तब्बल ८८ पूल! लष्कराने नोंदवलेले बारीकमोठे अपघात २३०. नऊ गाड्या वाटेतच सोडून द्याव्या लागल्या. नेब्रास्कात पावसाने रस्त्याचा नुसता लगदा झाला. एका दिवशी एकामागून एक २५ ट्रक घसरून खड्ड्यात गेले आणि रुतणाऱ्या वाळूचा एक २०० यार्डांचा पट्टा पार करायला ताफ्याला सात तासांहून जास्त वेळ लागला. २०० यार्ड म्हणजे साधारण क्रिकेटच्या नऊ पिचेस. सात तास!

ताफ्यात 'मिलिटर' नावाची एक राक्षसी ओढगाडी होती. रुतलेल्याला बाहेर काढायचं हे तिचं काम. तीही दमली की जवान दोर खांद्यावर घ्यायचे. यूटाच्या खारट वाळवंटात वरचा कडक पापुद्रा फुटून ट्रक आत बसायचे, तिथे तर सगळ्यांनी मिळून गाड्या हाताने ओढल्या. पाणी इतकं कमी पडलं की रात्रीच्या जेवणापासून सकाळपर्यंत माणशी एक कप पाणी आणि टाकीवर पहारा.

पण ही नुसती हालांची कहाणी नाही. गावागावात बँड, भाषणं, लिंबू सरबत, रस्त्यावरचे नाच. ओहायोत कोलंबियाना इथल्या आपल्या वडिलोपार्जित शेतावर टायरवाल्या हार्वी फायरस्टोननी सगळ्या ताफ्याला जेवायला घातलं. (धंदा टायरचा आणि प्रचार रस्त्यांचा. एवढं चतुर मार्केटिंग आजचे इन्फ्लुएन्सर तरी करतात का, सांगा!) आयझेनहॉवर आणि त्याचा मित्र मेजर ब्रेट तर जाम खोडकर. पूर्वेकडच्या शहरी अधिकाऱ्यांना त्यांनी 'आता रात्री रेड इंडियन हल्ला करणार' अशी भीती घातली, आणि स्वतःच टेकडीआड जाऊन आरोळ्या ठोकल्या. नेब्रास्कातल्या नॉर्थ प्लॅटला बायको मेमी तिच्या वडिलांबरोबर मोटारीने भेटायला आली आणि पुढचे काही दिवस ती मंडळी ताफ्यासोबतच निघाली.

६ सप्टेंबरला ओकलंडहून फेरीबोटीने खाडी ओलांडून ताफा सॅन फ्रान्सिस्कोत पोचला. खाडीवरचा पूल व्हायला अजून १७ वर्षं होती.

ज्यांनी रस्ता आणला, त्यांनाच बंदी

नोव्हेंबरमध्ये आयझेनहॉवरने आपला अहवाल दिला. कुठल्या गाडीत काय बिघडतं, शिस्त कुठे कमी पडली आणि रस्ते कुठे कसे आहेत, अगदी कोरडं सरकारी लिखाण. पण प्रवास डोक्यात राहिला. पुढे युद्धानंतर जर्मनीतले ऑटोबान त्याने पाहिले तेव्हा तुलनेला त्याच्याकडे हा चिखल होता. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९५६मध्ये त्याने ज्या कायद्यावर सही केली, त्यातून ४१,००० मैलांच्या इंटरस्टेट महामार्गांचं जाळं उभं राहिलं. एका कंटाळलेल्या तरुणाच्या रोड ट्रिपमुळेच सगळं झालं असं म्हणणं जरा फिल्मी होईल. रस्त्यांची मागणी आधीपासून होती, शीतयुद्ध होतं, मोटारकंपन्या होत्या. पण १९१९चा ताफा आणि जर्मनीचे रस्ते या दोन गोष्टींनी आपली नजर तयार केली, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

आता गंमत बघा. अमेरिकेत जुनी लष्करी वाहनं जपणाऱ्यांची एक संघटना आहे, मिलिटरी व्हेइकल प्रिझर्वेशन असोसिएशन. १९७६ साली सुरू झालेली. १९१९च्या प्रवासाला ९० वर्षं झाली तेव्हा, म्हणजे २००९च्या जून-जुलैमध्ये, त्यांनी वॉशिंग्टन ते सॅन फ्रान्सिस्को असा ताफा काढला. शंभरी भरली तेव्हा २०१९च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा, या वेळी पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कहून. मधल्या काळात अलास्का हायवे, बँकहेड हायवे, रूट ६६ असेही ताफे झाले. (बँकहेडवरूनही १९२०मध्ये लष्कराचा दुसरा ताफा गेला होता. त्याचे हाल पहिल्यापेक्षा जास्त, पण त्यात भावी राष्ट्राध्यक्ष नव्हता, म्हणून तो कुणाला आठवत नाही.)

हे ताफे चालतात ताशी साधारण ३५ मैलांनी. यापेक्षा जोरात जुना ट्रक पळवला तर इंजिन, टायर आणि ड्रायव्हरच्या पाठीचे मणके सगळेच बोंब मारतात. आणि इंटरस्टेटवर अनेक राज्यांत ताशी ४० किंवा ४५ मैलांपेक्षा हळू जायला परवानगी नाही. म्हणजे ज्या ताफ्याच्या चिखलातून इंटरस्टेटची कल्पना निघाली, त्या ताफ्यातला ट्रक आज इंटरस्टेटवर आणला तर पोलिस बाजूला घेतील!

मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. कारण मग उरतो जुनाच रस्ता. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर बाइक चालत नाही, त्यामुळे आपल्यातल्या बाइकवाल्यांनाच जुन्या हायवेवरचे वडापाव आणि वळणं पाठ असतात, तसंच काहीसं. हायवे गावाच्या बाहेरून गेला आणि गावातला मुख्य रस्ता ओस पडला, ही गोष्ट नेब्रास्का, वायोमिंग, नेवाडाच्या छोट्या गावांनी पुरेपूर सोसली आहे. १९१९मध्ये 'आम्हाला चांगला रस्ता द्या' म्हणून ज्या गावांनी ताफ्यासमोर बँड वाजवले, त्यातल्या कित्येकांना चांगला रस्ता मिळाला तो त्यांना टाळून जाणारा. वायोमिंगमधल्या मेडिसिन बोला आजही १९११चं व्हर्जिनियन हॉटेल उभं आहे, पण इंटरस्टेट ८० तिथून बरंच दक्षिणेला निघून गेलाय. जुन्या गाड्यांचा ताफा मात्र अशाच गावांतून जातो, कारण त्याला दुसरीकडे जाताच येत नाही. मुख्य रस्त्यावर गाड्या लागतात, शाळेची पोरं जीपमध्ये चढून फोटो काढतात, कुणीतरी आजोबा 'असाच ट्रक मी कोरियात चालवला' म्हणत स्टिअरिंगला हात लावतात. एक संध्याकाळ गावाला पुन्हा हायवेवर असल्यासारखं वाटतं.

वाटेत खुणाही सापडतात. आयोवातल्या टामा गावी १९१५चा काँक्रीटचा पूल आहे, त्याच्या कठड्याचे गजच 'लिंकन हायवे' या अक्षरांचे आहेत. १९२८मध्ये एकाच दिवशी बॉय स्काउट पोरांनी देशभर या रस्त्याच्या कडेला काँक्रीटचे खांब रोवले, वर लिंकनचा छोटा मुखवटा आणि दिशेचा बाण. त्यातले काही अजून उभे आहेत.

जीप कशी जगवायची?

१९१९मध्ये गाड्यांची परीक्षा रस्ता घेत होता. आज रस्ता सोपा झालाय, परीक्षा गाडीचीच आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या चालत्या गाड्या फार थोड्या, त्यामुळे या ताफ्यांत भरणा असतो दुसऱ्या महायुद्धातल्या आणि त्यानंतरच्या वाहनांचा. जीप, डॉज, 'ड्यूस अँड अ हाफ' म्हणजे अडीच टनी ट्रक.

जीपशी आपलंही नातं आहे बरं का. युद्धात विलीज आणि फोर्डने मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर महिंद्रांनी विलीजशी करार केला आणि १९४९मध्ये मुंबईत माझगावला सुटे भाग जोडून जीप तयार होऊ लागल्या. आपल्या खेड्यापाड्यांत सरकारी कामापासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत धावलेली जीप ही त्या लष्करी जीपचीच लेक. त्यामुळे पुढच्या तक्रारी गावाकडच्या एखाद्या मेकॅनिक काकांना वाचून दाखवा, त्यांना एकही नवी वाटणार नाही.

पहिली तक्रार, उष्णता. नेवाडाच्या उन्हात पेट्रोल पंपापर्यंत पोचायच्या आधीच नळीत उकळतं, त्याची वाफ होते आणि इंजिन गप्प. यावर जुना देशी उपाय म्हणजे पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावायचे! त्याने खरंच फरक पडतो की फक्त मनाला बरं वाटतं, यावर जुन्या गाड्यांच्या मंडळींत तासन्‌तास भांडणं होतात. त्यापेक्षा थांबून ओलं फडकं गुंडाळणं कधीही खात्रीचं. दुसरी तक्रार, आजचं पेट्रोल. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे खराब होतात. आपल्याकडे ई-२० वरून जी चर्चा चालू आहे, ती या लोकांनी कधीच सुरू केली होती. तिसरी म्हणजे दिवे. जीपची वायरिंग सहा व्होल्टची, त्यामुळे रात्री समोर उजेड पडतो तो देवासमोरच्या समईइतका. म्हणून अंधार पडायच्या आत मुक्काम गाठलेला बरा.

आणि गिअर. जुन्या ट्रकात गिअर नुसता ढकलून पडत नाही. क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, इंजिनचा वेग जुळवा, पुन्हा क्लच, मग गिअर. यालाच डबल क्लच म्हणतात. चुकलं की खालून असा आवाज येतो की पुढचे चार ड्रायव्हर मागे वळून बघतात. हे पुस्तकातून येत नाही, यूट्यूबवरूनही अर्धंच येतं. शेजारी बसून 'आता... आता सोड!' म्हणणारा कुणीतरी लागतो.

अडचण नेमकी इथेच आहे. पाच आठवडे रजा काढून, स्वतःच्या खर्चाने, ताशी ३५ मैलांनी देश ओलांडणं कोणाला जमतं? बहुतेक निवृत्त झालेल्यांना. अशा ताफ्यांत पांढरे केस जास्त दिसतात. ट्रकाचे सुटे भाग अजून मिळतात, लाखोंनी बनवले होते ना. पण कार्ब्युरेटरचा आवाज ऐकून 'पेट्रोल जास्त येतंय' हे सांगणारा कान सुट्या भागांच्या दुकानात मिळत नाही. गाडी संग्रहालयात ठेवली तर ती टिकते, हे खरं. आपल्याकडे अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय अवश्य बघा. रोल्स रॉइसची चिलखती गाडी बघून तुम्ही थक्क व्हाल. पण तिथे गाडी बघता येते. रबर जळल्याचा वास, चढावर मंदावणारं इंजिन, 'आता बंद पडणार' ही पोटातली धाकधूक, हे गाडी चालली तरच कळतं. आणि चालवायची तर चालवणारं पुढचं माणूस लागतं.

ताफ्याचं रोजचं वेळापत्रक यासाठीच आखलेलं असतं. सकाळी सूचना, मग ठरावीक अंतर ठेवून रांग. दर काही तासांनी थांबा, ज्यात चहा-कॉफीपेक्षा चाकाच्या मध्यावर हात ठेवून 'गरम झालंय का' बघणं महत्त्वाचं. रांगेच्या शेवटी मदतीची गाडी आणि ट्रेलर. जी बंद पडेल ती ट्रेलरवर, आणि मग मुक्कामाच्या मैदानात रात्री बॅटरीच्या उजेडात तिच्याभोवती सात-आठ डोकी. कुणाकडे जास्तीचा पंप, कुणाकडे वॉशर, कुणाकडे नुसतेच सल्ले. नवख्यांनी शिकायची जागा तीच. नातवंडं सुट्टीत थोडे दिवस येतात, आधी फोनमध्ये डोकं घालून बसतात, आणि कधीतरी हातात पाना येतो.

एक तुकडा मात्र कितीही इच्छा असली तरी जसाच्या तसा करता येत नाही. यूटाच्या ज्या खारट वाळवंटात १९१९च्या जवानांनी ट्रक हाताने ओढले, त्यातला लिंकन हायवेचा बराचसा भाग पुढे डगवे नावाच्या शस्त्रचाचणी केंद्राच्या कुंपणात गेला. तिथला एक जुना लाकडी पूलही आत शिल्लक आहे. कुंपण अमेरिकन लष्कराचं आहे आणि सामान्य वाहतुकीला तिथे प्रवेश नाही. लष्करी गाडी असली तरी ती आता खासगी मालकीची, तेव्हा वळसा घालूनच पुढे जायचं.